बॅजचा आकडा आणि रक्ताचा आकडा

जळगाव-धुळ्याच्या एक्स-रे सेंटरमधला टेक्निशियन घ्या, नाहीतर दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरचं वेल्डिंग रेडिओग्राफीने तपासणारा कामगार. छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेल्या किरणांची नोंद ठेवणारा बिल्ला असतो, तो दर तिमाहीला लॅबला जातो. ‘आमची रेडिएशनची तपासणी होते,’ असं ही मंडळी बिनधास्त सांगतात. होते, पण बॅजची.

बॅजमध्ये डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्या किरणांची ऊर्जा साठवतात आणि तापवल्या की उजेडाच्या रूपात सोडतात. मशीन तो उजेड मोजतं. पण बॅज एप्रनसकट एक्स-रे रूममध्ये खुंटीला टांगून माणूस चहाला गेला, तरी आकडा चढतो. उलट बॅज ड्रॉवरमध्ये आणि माणूस मशीनपाशी असला, तर रिपोर्ट एकदम स्वच्छ!

अशा वेळी खरं काय ते रक्त सांगतं. किरणांनी तुटलेली गुणसूत्रं चुकीची जुळली की एकाच गुणसूत्राला दोन सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा चिमटलेला सांधा, एरवी एकच असतो) येतात. एरवी हजार पेशींत असं एखादंच सापडतं. पांढऱ्या पेशी दोन दिवस वाढवायच्या, मग सूक्ष्मदर्शकाखाली ५०० ते १००० पेशी मोजायच्या. एका टेक्निशियनसाठी हे हाताने जमतं.

हजारो लोकांचं काय? ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली भंगारात गेलेल्या रेडिएशन उपचाराच्या मशीनमधलं किरणोत्सारी सीझियम पसरलं. तिथे लाखावर लोक काउंटरने, म्हणजे किरण मोजणाऱ्या यंत्राने तपासावे लागले, म्हणजे आपलं आख्खं अमळनेरच म्हणा. काउंटर फक्त अंगाला वा पोटात सीझियम आहे का ते दाखवतो, आधी किती डोस बसला ते नाही. अशा गर्दीसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने ‘रॅबिट’ नावाची रोबोट यंत्रणा उभी केली. बोटाच्या टोकातलं थेंबभर रक्त, त्याच्या नळीवर बारकोड, पुढे पेशी वेगळ्या करण्यापासून फोटो काढून मोजण्यापर्यंत सगळं रोबोटच करतो. उद्दिष्ट दिवसाला ३०,००० नमुन्यांचं. मात्र मायक्रोन्यूक्लियस चाचणीत (यात तुटलेल्या गुणसूत्रांचे, पेशीच्या मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले तुकडे मोजतात) पेशी वाढायला लागणारे साधारण तीन दिवस रोबोटलाही चुकत नाहीत. तो माणसांचे हात वाचवतो.

आपल्याकडे अडचण वेगळीच. सीबीसीसाठी घेतलेलं रक्त इथे चालत नाही. रक्त साकळू न देणाऱ्या हेपरिनची नळी लागते आणि पेशी लॅबपर्यंत जिवंत पोचाव्या लागतात. म्हणजे गोठवायचंही नाही, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना नळी नुसती पिशवीत टाकून पाठवायचीही नाही. साधारण २० अंश तापमान राखणारा डबा आधी शोधा, कुरिअर मागाहून.