कोड बदलला नाही, मग टेस्टिंग कशाला?

सिस्टीम अपग्रेड करताना खर्च वाचवायचा म्हणून एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: ज्या कोडला हात लावला नाही, तो पुन्हा तपासायला नको. समज अर्धवट आहे, म्हणूनच महागात पडतो.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून उडालेलं पहिलं आरियान ५ रॉकेट साधारण ४० सेकंदांत फुटलं. दिशादर्शक यंत्रणेचं सॉफ्टवेअर आरियान ४ वर नीट चाललेलं, तेच उचललं होतं. पण नव्या रॉकेटचा आडवा वेग बराच जास्त. त्याच्याशी निगडित ६४ बिटी आकडा १६ बिटांच्या छोट्या जागेत मावला नाही आणि दिशादर्शक संगणक बंद पडला. राखीव संगणकातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तोही गेला. कहर म्हणजे, कोडच्या त्या भागाचं उड्डाणानंतर आरियान ५ ला कामच नव्हतं! नव्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन जमिनीवर चाचणी घेतली असती तर दोष उघड झाला असता, असं चौकशी मंडळाने नोंदवलं.

मग सगळंच पुन्हा तपासायचं? तेही नाही. विमानांच्या सॉफ्टवेअरमध्ये एरिंक ६५३ या मानकानुसार प्रत्येक प्रोग्रामला मेमरी आणि प्रोसेसरचा वेळ वेगळा वाटून दिलेला असतो. ही वाटणी पक्की असल्याचं एकदा सिद्ध केलं, की एक प्रोग्राम बदलल्यावर शेजारच्याची पूर्ण फेरतपासणी टळते. खरी बचत इथे आहे. मात्र शेजारच्याला मिळणारा डेटाच बदलला असेल, तर ही सवलत नाही.