कॉइल आणि लिक्विड: धूर वेगळा, औषध वेगळं

‘एक कॉइल म्हणजे शंभर सिगारेटी’ हे वाक्य आता बहुतेकांच्या कानावरून गेलं आहे. ते ऐकून पुष्कळ घरांनी डासांची कासवछाप कॉइल बंद केली, लिक्विडचं मशीन लावलं आणि प्रश्न मिटला असं धरलं. काही जण उलट टोकाला गेले आणि तोच सिगारेटींचा आकडा लिक्विडलाही चिकटवून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू लागले. दोन्हीकडे घोटाळा एकच आहे. धुराचा त्रास ही एक गोष्ट आणि कीटकनाशकाचा त्रास ही दुसरी. दोन्ही मोजायच्या पद्धती वेगळ्या. पहिलीबद्दल आपल्याला बरंच ठाऊक आहे, दुसरीबद्दल त्या मानाने खूप कमी.

आधी कॉइल. पेटलेल्या कॉइलचं टोक जवळून पाहा. पुढे लाल निखारा असतो आणि त्याच्या लगत मागे एक तापलेला पट्टा. कीटकनाशक या मागच्या पट्ट्यातून वाफ होऊन निघतं, निखारा तिथे पोचायच्या आधीच. पण कॉइलमध्ये कीटकनाशक असतं किती? एका टक्क्याहून बरंच कमी. पाकिटावर बहुधा ०.१ टक्का किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसतो. उरलेलं सगळं म्हणजे लाकडाचा भुसा, करवंटीची पूड, स्टार्च, रंग. म्हणजे डासांसाठी म्हणून आपण रात्रभर जाळतो तो मुख्यतः भुसा, तोही धुमसत, नीट न पेटता.

सिगारेटीचा आकडा या भुशाचा आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीनमधल्या चार आणि मलेशियातल्या दोन नेहमीच्या ब्रँडच्या कॉइल जाळून धूर तपासला गेला. एका कॉइलमधून निघालेल्या पीएम २.५ कणांचं, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचं वजन ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतकं भरलं. फॉर्माल्डिहाइड हे डोळ्यांना-घशाला झोंबणारं द्रव्य तर ५१ सिगारेटींइतकं असू शकतं, असंही त्यात निघालं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननेही कॉइलचा धूर मोजला आणि आपल्याकडे ‘शंभर सिगारेटी’ हा आकडा त्यातूनच घरोघरी पोचला.

पण तो नीट वाचायला हवा. तुलना आहे ती बाहेर पडणाऱ्या कणांच्या वजनाची. सिगारेट ओढणारा तो धूर थेट छातीत भरून घेतो. कॉइलचा धूर सात-आठ तासांत खोलीभर पसरतो आणि त्यातला काही भागच आपल्या श्वासात येतो. निकोटिन तर त्यात नसतंच. तेव्हा कॉइल लावून झोपणारा माणूस रोज शंभर सिगारेटी ओढतो, असं म्हणणं चूक आहे. तरीही मला ही गोष्ट हलकी वाटत नाही. पीएम २.५ साठी २४ तासांच्या सरासरीची भारतीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. खिडक्या लावलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत, खाटेखाली धुमसणारी कॉइल ही मर्यादा सहज मोडते, आणि त्या खोलीत दम्याचं लेकरू झोपलेलं असेल तर त्याला ते त्याच रात्री जाणवतं.

‘कमी धुराची’ कॉइलही मिळते. तिच्यात भुशाऐवजी कोळशाची पूड असते. डोळ्यांना झोंबत नाही, कणही कमी निघतात. पण धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड सुटतोच, आणि त्याला ना रंग ना वास.

आता लिक्विड. इथे काही जळत नाही. केरोसीनसारख्या द्रावणात विरघळवलेलं औषध वातीने वर चढतं आणि मशीनच्या उष्णतेने त्याची वाफ होते. भुशाचा धूर नाही, म्हणून सिगारेटीचा हिशोब इथे लागूच होत नाही. धुराच्या बाबतीत लिक्विड कॉइलपेक्षा निःसंशय बरं.

पण औषधाचं काय? बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. नेहमीच्या लिक्विडवर ‘ट्रान्सफ्लुथ्रिन १.६ टक्के’ असं लिहिलेलं दिसेल. ४५ मिलिलिटर द्रावणाचं वजन साधारण ३६ ग्रॅम धरा, म्हणजे औषध झालं सुमारे ५७५ मिलिग्रॅम. बाटली दीड महिना, रोज आठ तास चालली तर तासाला दीड मिलिग्रॅमच्या वर थोडं. कॉइलचाही हिशोब करून पाहा. १२ ग्रॅमच्या कॉइलमध्ये ०.१ टक्का, म्हणजे १२ मिलिग्रॅम. आठ तासांत वाटले तर तासाला दीड. दोन्ही औषधं एक नाहीत, त्यांची ताकदही सारखी नाही, त्यामुळे हा हिशोब फक्त अंदाजापुरता. पण अंदाज पुरेसा बोलका आहे. कॉइल सोडून लिक्विडवर आल्याने धूर गेला. औषध होतं तिथेच राहिलं.

ही औषधं पायरेथ्रॉइड या गटातली. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाच्या पुडीने किडे मरतात हे फार पूर्वीपासून माहीत होतं. जपानमध्ये एइचिरो उएयामा यांनी १८९० मध्ये तीच पूड घालून डासांची उदबत्ती केली. आजची औषधं त्या फुलातल्या द्रव्याची प्रयोगशाळेत बनवलेली भावंडं. ती किड्यांच्या मज्जातंतूंवर घाव घालतात. माणसाचं शरीर ती झपाट्याने मोडून एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर टाकतं. डीडीटीसारखी ती चरबीत वर्षानुवर्षं साठत नाहीत. मात्र रोज रात्री नवा डोस मिळत असेल तर ‘बाहेर पडतं’ याला फारसा अर्थ उरत नाही. घरात ऊन-पाऊस नसल्याने या गटातली काही औषधं जमिनीवरच्या धुळीत बराच काळ टिकतात, आणि जमिनीवर रांगून तोच हात तोंडात घालणारं घरात एकच असतं.

मग याने मुलांना काय होतं? फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या पेलाजी या माता-बालक अभ्यासात सहा वर्षांच्या मुलांची लघवी तपासली. पायरेथ्रॉइडचे अवशेष जास्त सापडलेल्या मुलांचे भाषा समजण्याच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांमधले गुण कमी आढळले. ही २०१५ ची गोष्ट. आईच्या गरोदरपणातल्या लघवीशी मात्र असा संबंध दिसला नाही. हा नुसता संबंध आहे, पायरेथ्रॉइड हेच त्याचं कारण असं सिद्ध झालेलं नाही. लघवीतला अवशेष फक्त मागच्या एक-दोन दिवसांचं सांगतो, आणि तो भाजीतूनही आलेला असू शकतो.

इथे एक बारकावा आहे, आणि या विषयावर लिहिताना तो बहुधा सुटतो. अशा अभ्यासांत सर्वांत जास्त मोजला जाणारा अवशेष म्हणजे थ्री-पीबीए. तो परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशा औषधांपासून तयार होतो. ट्रान्सफ्लुथ्रिनची आणि कॉइलमधल्या अ‍ॅलेथ्रिनची रासायनिक घडण वेगळी, त्यांच्यापासून तो होतच नाही. म्हणजे रात्रभर लिक्विड लावणाऱ्या घरातल्या मुलाची ही तपासणी केली तर त्या लिक्विडचा मागमूसही लागायचा नाही. म्हणून फ्रान्समधला निष्कर्ष आपल्या मशीनवर जसाच्या तसा लावता येत नाही. आणि ‘लिक्विडने काही होत नाही’ असंही त्या अभ्यासांच्या भरवशावर म्हणता येत नाही. लिक्विडबद्दलची शांतता ही बऱ्याच अंशी न मोजल्याची शांतता आहे. डास आपल्याकडे, मशीनही आपल्याकडे. हे मोजमाप आपल्याकडेच व्हायला हवं.

तोवर मी सांगेन ते एवढंच. कॉइल झोपायच्या खोलीत नको. लावायचीच तर ओसरीवर, गॅलरीत. लिक्विड झोपण्याआधी थोडा वेळ चालवून बंद करा, उशाशी असलेल्या प्लगमध्ये नको, आणि दिवसरात्र चालू तर नकोच. घरात माशांची टाकी असेल तर जास्त जपा, मासे या औषधांना फार लवकर बळी पडतात. नाव-नोंदणी नसलेल्या डासांच्या अगरबत्त्या घेऊच नका. त्यात धूरही येतो आणि औषध कोणतं, किती, याचा पत्ता नसतो. मच्छरदाणी या सगळ्याहून बरी. आणि डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्री दहाला मशीन लावून डेंग्यू टळत नाही. त्यासाठी कुंडीखालची ताटली आणि कूलरच ओतून काढावा लागतो.

एका बाबतीत लिक्विड कॉइलपेक्षा जास्त धोक्याचं आहे. लहान मूल कॉइलचा तुकडा चघळेल, थुंकेल. बाटलीतलं द्रावण मात्र केरोसीनच्या जातीचं असतं. गिळताना किंवा उलटी होताना ते फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. मुलाने बाटली तोंडाला लावली असेल तर उलटी काढू नका, मीठ-पाणी पाजू नका. तडक दवाखान्यात जा आणि बाटली सोबत घ्या. मागचं लेबल डॉक्टरांना लागतं.