परीक्षा पास झाली, हाड आड आलं

८६८ साली कोरियातल्या शिल्ला राज्यातला १२ वर्षांचा चो ची-वॉन चीनच्या तांग साम्राज्यात शिकायला निघाला. ‘दहा वर्षांत परीक्षा पास झाला नाहीस तर माझा मुलगा म्हणवून घेऊ नकोस,’ असं वडिलांनी बजावल्याचं त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय. पोरगा सहा वर्षांत पास झाला.

बाप एवढा हट्टाला का पेटला? सोयरीक जमवताना हाड बघतात, हे आपल्याला माहीत आहे. शिल्लात सरकारी हुद्दासुद्धा हाड बघून मिळे. हुद्द्यांच्या पायऱ्या १७. ची-वॉनच्या घराण्यातल्या माणसाला वरून सहाव्या पायरीपुढे वाट बंद. तांग दरबारात मात्र परदेशी विद्यार्थ्यांसाठीही सरकारी नोकरीच्या परीक्षेचं दार उघडं होतं. ८२१ मध्ये किम उन-ग्योंग ती पास झाला, शिल्लाचा पहिलाच. ८३७ मध्ये शिल्लाचे २१६ विद्यार्थी तांगमध्ये होते. पुस्तकांचा खर्च शिल्लाचा, अन्नवस्त्र तांगचं.

ची-वॉनने तिथे नोकरीही केली. ८८१ मध्ये बंडखोर ह्वांग छाओला धमकावणारा जाहीरनामा त्यानेच लिहिला, आणि चीनमध्ये त्याचं नाव झालं. ८८५ मध्ये तो परतला. खरं दुखणं इथून पुढचं आहे. राज्य खिळखिळं झालेलं, शेतकरी करांनी पिचलेले. ८९४ मध्ये त्याने राणी जिनसाँगपुढे सुधारणांची दहाहून अधिक कलमं ठेवली. राणीने खूश होऊन हुद्दा दिला, तो नेमका सहाव्या पायरीचा! कलमं तशीच राहिली. एवढा माणूस अखेर गाया डोंगरातल्या हेइन्सा मठात जाऊन राहिला. तो कधी वारला याची नोंद नाही.

त्याच्यामागून गेलेल्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. ८९३ मध्ये पास झालेला चो सुंग-उ शिल्लाच्या शत्रूला, नव्याने उभ्या राहिलेल्या बेक्जे राज्याच्या ग्योन ह्वोनला, जाऊन मिळाला. ९२७ मध्ये ग्योन ह्वोनने गोर्यो या कोरियातल्याच दुसऱ्या राज्याच्या राजाला धाडलेलं पत्र त्याच्याच लेखणीतलं. चो ऑन-वी ९०६ मध्ये पास होऊन ९०९ मध्ये परतला. ९३५ मध्ये शिल्ला बुडाल्यावर तो गोर्योत गेला आणि युवराजाचा गुरू झाला.

ऑन-वीचा मुलगाही शिकायला चीनलाच गेला. चीनच्या उत्तरेकडच्या खितान लोकांनी त्याला पकडलं, मग आपल्याच चाकरीत घेतलं. ते गोर्योवर चालून येणार असल्याचं कानावर येताच त्याने पत्र लिहून मायदेशी कळवलं.