पावण्यांचं गाव, पर्यटकांचा रस्ता: खानापूरच्या पश्चिम पट्ट्याची पार्श्वभूमी

गावाने मिळून पाहुण्यांची सोय करायची, हे बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. इथल्या गावांत ग्रामदेवता लक्ष्मीची यात्रा भरते ती बारा, पंधरा, कधी कधी वीस-बावीस वर्षांनी. वर्षभर आधी पंच बसतात, घरागणिक वर्गणी ठरते, भिंतींना रंग लागतो, मुंबई-पुण्याला गेलेली पोरं रजा टाकतात. लेकी-जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे असे एकेका घरी शेकड्याने लोक जेवून उठतात. पाणी कुठून आणायचं, मांडव कुठे घालायचा, गाड्या कुणाच्या शेतात लावायच्या, सगळं गावच ठरवतं. दारावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही ‘जेवून जावा की’ म्हणून आत ओढतात. यात्रेतून पैसा येत नाही, उलट बऱ्याच घरांवर कर्ज चढतं, तो भाग निराळा. पण सामुदायिक पर्यटनाच्या, म्हणजे गावानेच पाहुणे ठेवून कमाई गावात राखण्याच्या, प्रशिक्षणात जे शिकवतात त्यातलं अर्धंअधिक या मांडवाखाली आधीच घडलेलं असतं.

कणकुंबीची माउली देवी हे याच रीतीचं मोठं रूप. मलप्रभेचा उगम तिथला. दर बारा वर्षांनी तिथे यात्रा भरते आणि सीमेपलीकडल्या देवीसुद्धा भेटीला येतात. तीन राज्यांचे भाविक एका घाटमाथ्यावरच्या गावात उतरतात, आणि त्या दिवसांत सीमावादाचा विषय कुणी काढत नाही.

मग असं पर्यटन इथे उभं राहायला अडलं कुठे? पाहुणा गावाचा होता, पण रस्ता, जंगल आणि तिकीट गावाचं कधी नव्हतं. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास साधारण एवढाच आहे.

त्याआधी इथून राज्यकारभार चालायचा. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंब राजांची दुसरी राजधानी. पुढे गोव्याच्या कदंबांनीही तिला उपराजधानीचा मान दिला. भूवराह नरसिंहाचं देऊळ अजून उभं आहे. कित्तूरजवळच्या देगावचं कमलनारायण मंदिर राणी कमलादेवीने बाराव्या शतकात बांधवलं. या देवळांना जमिनी होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या जेवणाची व्यवस्था त्यातून होई.

इंग्रजी अमदानीत हे गणित बदललं. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलं आखली गेली, डोंगरउतारावरची कुमरी शेती, म्हणजे झाडं तोडून-जाळून केलेली फिरती शेती, आवळत नेली. १८८८ मध्ये लोंढ्याकडून घाट उतरून मार्मागोव्याकडे रेल्वे गेली, ती माल आणि लाकूड वाहायला. साहेब लोक शिकारीला आणि गोकाकचा धबधबा बघायला येत. घटप्रभेची ती १७० फुटांची उडी बघून ते परतत, आणि १८८७ पासून त्याच पाण्यावर सूतगिरणी फिरू लागली. गावाच्या वाट्याला गिरणीतली नोकरी आली, आणि नंतर करदंट या तिथल्या मिठाईचं नाव झालं तेव्हा हलवायाची दुकानं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव आणि कारवार जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. भाषेचं दुखणं सर्वांना माहीत आहे, पर्यटनाच्या बाजूने त्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. महाराष्ट्राच्या सहलींच्या नकाशावर भीमगड किल्ला आणि हलशी राहिली नाहीत. बेंगळूरहून पाहिलं तर आधी म्हैसूर, हंपी, बदामी; खानापूर शेवटचं टोक. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण या तालुक्याला अगदी लागू. होमस्टेच्या नोंदणीचा कन्नड अर्ज घेऊन मराठी शाळेत शिकलेली बाई आजही कुणाच्या तरी मागे फिरते, हे त्याच गोष्टीचं शेपूट.

शेजारचा जोयडा तालुका आधी धडे शिकला, आणि महाग शिकला. काळी नदीवर सुपे धरण झालं, जुनं सुपे गाव पाण्याखाली गेलं, माणसं रामनगरला वसवली. दांडेलीचं अभयारण्य १९५६ चं, अणशीचं राष्ट्रीय उद्यान १९८७ चं. दोन्ही मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर राफ्टिंग सुरू झालं आणि दांडेलीभोवती रिसॉर्टं उगवली. त्यांच्याच आडोशाने जोयड्यातल्या घरांनी आपल्या खोल्या द्यायला सुरुवात केली. कुणबी समाज तिथे दरवर्षी कंदमुळांचा मेळा भरवतो. मुडलीसारखे हाताएवढे मोठे कंद मातीसकट मांडलेले असतात, आणि लागवड कशी करतात ते बाईच सांगते. रिसॉर्टच्या जेवणात हा कंद नसतो, म्हणून पाहुणा घरी येतो. माझ्या मते या पट्ट्यातलं खरं सामुदायिक पर्यटन ते हेच.

फायदा होतो तो कुठे, हे इथे स्पष्ट दिसतं. गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला रस्त्यावरच्या रिसॉर्टात उतरलेला पाहुणा भाजी, कोंबडी, चादर सगळं बेळगावच्या बाजारातून आलेलं वापरतो. गावच्या वाट्याला माळ्याचा नाहीतर वॉचमनचा पगार. जमीन विकली तेव्हा एकदाच पैसा मिळाला, तोही भाऊबंदांत वाटून संपला. घरी उतरलेला पाहुणा नाचणीची भाकरी, कोकमाची कढी, पावसाळ्यात अळंबी खातो. वाटाड्या गावचा, जीप गावची, काजू जाताना पिशवीत. बचत गटाच्या हातात स्वयंपाक असेल तर पैसा बाईच्या खात्यावर येतो, आणि घरात तिचा शब्द थोडा जड होतो.

भीमगडची गोष्ट मात्र अजून लटकलेली आहे. शिवकालीन किल्ल्याचं हे जंगल डिसेंबर २०११ मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटन यांच्या नावाने ओळखलं जाणारं दुर्मिळ वटवाघूळ राहतं. शास्त्राला ते १९१३ मध्ये इथूनच कळलं, आणि कित्येक दशकं जगात दुसरीकडे ते कुणाला सापडलं नव्हतं. गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव, तळेवाडी ही गावं जंगलातच आहेत. रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही, पावसाळ्यात आजाऱ्याला बांबूला बांधून खांद्यावरून बाहेर काढावं लागतं. वज्रपोहा धबधब्याचे फोटो फोनवर फिरतात, आणि त्या धबधब्याजवळच्या गावात शाळामास्तर पोचणं मुश्किल. गर्दी आणि अपघातांमुळे वनखातं पावसाळ्यात धबधब्यांच्या वाटा बंद करतं, ते एका अर्थी बरोबरच. पण नेमका तोच मोसम वाटाड्याच्या कमाईचा.

वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याने ग्रामसभेला दिला. तो हक्क हाती असलेलं गाव जंगलवाटेची फी, पाहुण्यांची संख्या, कचऱ्याचा दंड याबाबत वनखात्याशी बरोबरीने बोलू शकतं. तो नसेल तर गेटवर दुसऱ्याचा माणूस बसतो. तळेवाडीच्या कुटुंबांनी शेवटी बाहेर पडायचं ठरवलं आणि २०२५ मध्ये मोबदल्याचे पहिले धनादेश वाटले गेले. त्यांना दोष कोण देणार? उरलेल्या गावांत आता दोन मतं आहेत. म्हाताऱ्यांना देव आणि शेत सोडवत नाही, पोरांना रस्ता हवा आहे. पर्यटन आणू म्हणणाऱ्याने आधी या दोघांना एका ग्रामसभेत बसवावं, खोल्यांना रंग नंतर.