बसालेल (हिब्रू पुरुषनाम)

बसालेल हे हिब्रू भाषेतील एक विरळा पुरुषनाम आहे. आधुनिक हिब्रू उच्चार ‘बेत्सालेल’. त्यातला ‘त्स’ मराठी ‘चमचा’तल्या ‘च’सारखाच दंत्य, त्यामुळे मराठी जिभेला तो मुळीच अवघड नाही. ग्रीकमध्ये मात्र या वर्णाला अक्षर नव्हते, म्हणून प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘बेसेलेएल’ झाले. मराठी बायबलातही ‘स’च आहे. यिद्दिश (युरोपातील ज्यूंची जर्मनसदृश भाषा) बोलणारे ज्यू या नावाचे ‘त्सालेल’ असे आटोपशीर रूप वापरत.

फोड सोपी आहे. ‘बे’ म्हणजे ‘-त’ किंवा ‘-मध्ये’, ‘त्सेल’ म्हणजे सावली आणि ‘एल’ म्हणजे देव. बसालेल म्हणजे ‘देवाच्या सावलीत’. रणरणत्या उन्हाच्या मुलखात सावली म्हणजे आसरा. बायबलातील स्तोत्रसंहितेच्या 91व्या स्तोत्रात सर्वसमर्थाच्या सावलीत राहणारा भक्त येतो तो याच अर्थाने. आपण ‘छत्रछाया’ म्हणतो त्याच्या हे फार जवळचे आहे. शेजारच्या मेसोपोटेमियातील अक्कादी भाषेतही अशी नावे होती: इ.स.पू. 701च्या सुमारास गाझाच्या राजाचे नाव ‘सिल्लीबेल’ होते, म्हणजे ज्याची सावली बेल हा देव आहे असा.

हिब्रू बायबलात हे नाव फक्त दोघांचे. एकाचा एज्राच्या पुस्तकातील यादीत नुसता उल्लेख आहे. दुसरा ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 31व्या अध्यायातला, यहूदा वंशातील ऊरीचा मुलगा आणि हूरचा नातू. सोने, चांदी, पितळ, रत्ने आणि लाकूड या सगळ्यांत त्याचा हात चालत असे. रानातला निवासमंडप (तंबूचे उपासनास्थान) व कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी) घडवण्यासाठी देवाने त्याला नावाने बोलावले आणि आपल्या आत्म्याने भरले. ही भाषा एखाद्या राजाबद्दल किंवा संदेष्ट्याबद्दल नाही, एका कारागिराबद्दल आहे, आणि या नावाचे मोठेपण तिथेच आहे.

तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या संग्रहातील ‘बराखोत’ या ग्रंथात नावाच्या अर्थावर एक सुरेख कथा आहे. देवाने ज्यूंचा नेता मोशे याला आधी मंडप, मग कोश, मग भांडी असा क्रम सांगितला. मोशेने तो बसालेलला उलटा करून सांगितला. बसालेल म्हणाला, जगाची रीत अशी की माणूस आधी घर बांधतो, मग सामान आत नेतो; मी केलेल्या वस्तू ठेवायच्या कुठे? तेव्हा मोशे थक्क होऊन म्हणाला, तू देवाच्या सावलीतच उभा होतास की काय, म्हणून तुला हे कळले?

पुढे हे नाव मुख्यतः विद्वानांच्या घराण्यांत टिकले. प्रागचे प्रसिद्ध धर्मपंडित यहूदा लोएव (मृत्यू 1609) यांच्या वडिलांचे नाव बेत्सालेल होते. सोळाव्या शतकातील तालमूदचे भाष्यकार बेत्सालेल अश्केनाझी हे ज्यू गूढवादी इसहाक लुरिया यांचे गुरू. शिल्पकार बोरिस शात्झ यांनी 1906 मध्ये जेरुसलेमात कलाशाळा काढली तेव्हा तिला ‘बेत्सालेल’ हेच नाव दिले. 1912 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचेही नाव त्यांनी बेत्सालेल ठेवले. तो पुढे चित्रकार झाला.