सुवाहक आणि दुर्वाहक (कंडक्टर आणि इन्सुलेटर)

ज्यातून वीज सहज वाहते तो सुवाहक आणि ज्यातून जवळपास वाहतच नाही तो दुर्वाहक किंवा विद्युतरोधक, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलंच आहे. तांबं, अॅल्युमिनियम एकीकडे, काच, रबर, पीव्हीसी दुसरीकडे, यादी वाढवत नाही.

हा फरक आधी कोणी ओळखला यावर मात्र घोळ आहे. इंग्लंडचा डॉक्टर विल्यम गिल्बर्टने १६०० मध्ये घासल्यावर हलक्या वस्तू ओढणारे आणि न ओढणारे असे पदार्थ वेगळे काढले होते, म्हणून काहीजण श्रेय त्याला देतात, पण ती वाटणी घासून विद्युतभार येतो का याची होती, भार वाहतो का याची नाही. त्यामुळे स्टीफन ग्रेचं नाव घेणंच जास्त बरोबर वाटतं. हा इंग्रज माणूस मूळचा कापड रंगवणारा. जुलै १७२९ मध्ये इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या ऑटरडेनला त्याचा मित्र ग्रॅनव्हिल व्हीलरच्या घरी त्याने लांबच लांब सुतळी रेशमी धाग्यांवर आडवी टांगली, एका टोकाला घासलेली काचेची नळी, दुसऱ्या टोकाला हस्तिदंती गोळा, आणि नळीतला भार गोळ्यापर्यंत पोचला की खालचे पितळी वर्खाचे तुकडे उडून गोळ्याकडे यायचे. सुतळी वाढवत नेल्यावर वजनाने रेशीम तुटलं म्हणून त्याजागी बारीक पितळी तार लावली, तर नळी कितीही घासा, वर्ख हलेचना, कारण भार तारेतून परस्पर घराच्या लाकूडकामात निघून जात होता. रेशीम बारीक आहे म्हणून भार अडतो ही आधीची समजूत तिथेच गेली, प्रश्न जाडीचा नव्हता, पदार्थाचा होता. कंडक्टर, इन्सुलेटर ही नावं मात्र ग्रेची नाहीत, ती साधारण १७४० च्या आसपास इंग्लंडमधला शास्त्रज्ञ डेसाग्युलिएने रूढ केली असं मानतात.

धातूत काही इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, रोधकात ते बांधलेले असतात आणि सुटायला मोठी ऊर्जा लागते, हिऱ्यात सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचं एकक). सिलिकॉनला १.१ च पुरते म्हणून तो अर्धवाहक, म्हणजे दोन्हींच्या मधला. साध्या काचेची रोधकता, म्हणजे वीज अडवण्याचा गुण, तांब्याच्या किमान एकावर सतरा शून्यं इतक्या पटीने जास्त भरते, तरी रोधक कायम रोधकच राहतो असं नाही. काच लालबुंद तापली की वीज वाहू देते, कोरडी हवा सेंटीमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट झाले की फुटते, म्हणजे तिच्यातून ठिणगी जाते. शुद्ध पाणी तसं वाईट वाहक, नळाचं पाणी क्षारांमुळे वाहक.

खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरला घेर असतात ते शोभेला नाहीत, पावसात घेराची खालची बाजू कोरडी राहते आणि पृष्ठभागावरून गळणाऱ्या करंटला लांबचा वळसा पडतो. कोकणासारख्या किनारपट्टीवर खाऱ्या वाऱ्याने त्यावर मीठ बसतं, नुसतं मीठ फारसं काही करत नाही, पण पहाटेच्या दवाने ते ओलं झालं की त्याच चिनी मातीवरून ठिणगी पळते, म्हणून अशा भागात इन्सुलेटर धुवावे लागतात किंवा पाणी न धरणाऱ्या सिलिकॉन रबराचे बसवतात.