एक बटण की दोन? माउसवरून झालेल्या भांडणाचं विज्ञान

मॅकवाले आणि पीसीवाले यांच्या भांडणात माउस पहिल्यापासून आहे. 1984 साली मॅकिंटॉश आला तो एका बटणाचा माउस घेऊन, तर मायक्रोसॉफ्टने आदल्याच वर्षी दोन बटणांचा माउस विकायला काढला होता. पीसीवाल्यांना एक बटण म्हणजे खेळणं वाटायचं, मॅकवाल्यांना दुसरं बटण म्हणजे नसता गोंधळ. ज्याची त्याची आवड, असं म्हणून लोक हा वाद सोडून देतात. मला ते पटत नाही. या वादातला बराचसा भाग चक्क मोजता येतो.

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये पहिला माउस तयार केला. लाकडाचा ठोकळा, त्याच्या पोटाशी एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं आणि वर एकच बटण. एक चाक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. पुढे बटणं तीन झाली, कारण त्या ठोकळ्यावर तेवढीच मावत होती. एंगेलबार्ट यांना सोपेपणाचं फारसं कौतुक नव्हतं. माणसाने साधन शिकून घ्यावं आणि मग त्याच्याकडून जास्तीत जास्त काम काढावं, असा त्यांचा विचार होता. डाव्या हाताला पाच कळांचा वेगळा संच आणि उजव्या हाताला माउस, अशी त्यांची मांडणी होती.

ॲपलचा विचार नेमका उलटा होता. झेरॉक्सच्या आल्टो संगणकाला तीन बटणं होती, 1981 च्या स्टारला दोन, आणि 1983 च्या ॲपल लिसाला एक. झेरॉक्समधून ॲपलमध्ये आलेले लॅरी टेस्लर एका बटणाचे खंदे पुरस्कर्ते होते. नवखा माणूस स्क्रीनवरची नजर काढून हाताकडे बघतो, कोणतं बटण दाबायचं ते आठवतो आणि तरीही चुकतो. बटण एकच असेल तर चुकायला जागाच उरत नाही. याचा एक फायदा सहसा कोणी बोलून दाखवत नाही: प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कोणतीही आज्ञा दुसऱ्या बटणामागे दडवता येईना, सगळं मेनूत उघड मांडावं लागलं. बहुतेकांनी आयुष्यात माउसला हातही लावला नव्हता, अशा काळात हा निर्णय बरोबरच होता, असं माझं ठाम मत आहे. पण बटण वाचवल्याचा भार डबल क्लिकवर आणि कळ दाबून धरून केलेल्या क्लिकवर पडला, हेही तितकंच खरं.

आता मोजमापाकडे येऊ. 1954 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी लोकांना दोन धातूच्या पट्ट्यांवर आळीपाळीने टोचणी टेकवायला लावली. पट्ट्यांमधलं अंतर आणि त्यांची रुंदी बदलत गेल्यावर एक सुरेख नियम हाती आला. निशाणापर्यंत पोचायला लागणारा वेळ अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतो, तोही लॉगरिदमच्या चालीने, म्हणजे गुणोत्तर दुप्पट झालं तरी वेळ दुप्पट होत नाही, थोडासाच वाढतो. अंतर दुप्पट केलं आणि निशाणही दुप्पट रुंद केलं, तर वेळ तेवढाच लागतो. 1978 मध्ये स्टुअर्ट कार्ड, पहिला माउस बनवणारे तेच बिल इंग्लिश आणि बर यांनी झेरॉक्समध्ये माउस, जॉयस्टिक आणि कीबोर्डच्या कळा यांची तुलना केली. माउस सर्वांत सरस ठरला. त्याहून मोठी गोष्ट अशी की माउसचा वेग जवळजवळ उघड्या हाताच्या वेगाइतकाच निघाला. वेगाची मर्यादा उपकरणात नव्हती, माणसाच्या डोळ्या-हाताच्या ताळमेळात होती.

हाच नियम मॅक-विंडोज वादातला एक जुना मुद्दा जवळपास निकाली काढतो. मॅकचा मेनू स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला असतो. कर्सर कडेपलीकडे जात नाही, त्यामुळे माउस कितीही जोरात वर ढकलला तरी कर्सर मेनूवरच थांबतो. पट्टी दिसते बारीक, पण हाताच्या दृष्टीने तिची उंची अमर्याद असते. विंडोजमध्ये मेनू प्रत्येक खिडकीच्या आत असल्याने तिथे नेम धरून थांबावंच लागतं. विंडोज 95 चं स्टार्ट बटण कोपऱ्यात होतं, म्हणजे सर्वांत सोप्या जागी, पण ते बटण आणि स्क्रीनची कड यांच्यामध्ये काही पिक्सेलची फट होती. कर्सर कोपऱ्यात भिरकावून क्लिक केलं की ते फटीत पडायचं. चार बोटांच्या अंतरावर आलेलं यश तिथे वाया जात होतं. पुढच्या आवृत्त्यांत ही फट बुजवली गेली. अर्थात स्क्रीन फार मोठी झाली की मॅकचा मेनू लांब पडतो आणि हा फायदा घटतो.

उजव्या बटणाच्या बाबतीत मात्र विंडोज 95 ने बाजी मारली. ज्या वस्तूवर कर्सर आहे तिथेच मेनू उघडला तर पार करायचं अंतर जवळपास शून्य होतं. फिट्सच्या नियमात याहून चांगलं काय असणार? ऑगस्ट 1997 मध्ये बॉस्टनच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात बिल गेट्स यांचा चेहरा पडद्यावर झळकला आणि मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये 15 कोटी डॉलर गुंतवणार हे जाहीर झालं, तेव्हा मॅकप्रेमींनी त्यांची हुर्यो उडवली. पण जुलैमध्येच आलेल्या मॅक ओएस 8 मध्ये कंट्रोल कळ दाबून क्लिक केलं की जागच्या जागी मेनू उघडू लागला होता. 2005 च्या मायटी माउसमध्ये ॲपलने उजवा क्लिकही दिला, पण बटण न दाखवता. सलग कवचाखालचे सेन्सर बोट कुठे टेकलंय ते ओळखायचे आणि उजव्या क्लिकसाठी डावं बोट उचलून धरावं लागायचं. तत्त्व सांभाळण्यासाठी हाताला दिलेली ही शिक्षा होती, असंच मी म्हणेन.

उरतो तो "आमचा माउस हाताला सहज वाटतो" हा दावा. हात संथ हलला तर कर्सर मोजून सरकतो आणि जोरात हलला तर त्याच अंतरात कितीतरी पुढे जातो. या त्वरणाचं गणित मॅकवर वेगळं, विंडोजवर वेगळं. हात हलवला की कर्सर कुठे पोचेल याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो, चूक झाली की अंदाज सुधारतो, आणि हे काम मुख्यतः लहान मेंदूत चालतं. वर्षानुवर्षं एका गणितावर तयार झालेला हात दुसऱ्या संगणकावर गेला की कर्सर कधी निशाणाच्या पुढे जातो, कधी अलीकडेच अडखळतो, मग माउस अगदी तोच का असेना. खरी तुलना करायची तर एकच माउस दोन्हीकडे जोडावा, सेटिंगमध्ये जाऊन वेग आणि त्वरण शक्य तितकं जुळवावं आणि हाताला काही दिवस तरी द्यावेत.